जुन्या अमेरिकन गाड्या खरंच देखण्या होत्या, की जुन्या आहेत म्हणून देखण्या?

ट्रॉयचा नवखा (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये पुण्याहून बदली होऊन मिशिगनला आलो. नोकरी गाड्यांच्याच धंद्यातली, पण सॉफ्टवेअरच्या बाजूची. बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो ते मला अजून शोधावं लागतं. काल ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने वुडवर्ड अव्हेन्यूवर ओढून नेलं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे जुन्या गाड्यांची जत्रा भरते, हे इथल्या मुरलेल्या लोकांना माहीत असेलच. फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत रस्ता नुसता फुललेला, दुतर्फा घडीच्या खुर्च्या टाकून माणसं बसलेली, हवेत पेट्रोलचा वास. पाच तास उभा होतो. पायांचे तुकडे पडले, पण डोळे निवले.

सहकाऱ्याचं म्हणणं असं की १९७२ नंतर अमेरिकेत गाडीचं डिझाइन झालंच नाही, फक्त नियमांची पूर्तता झाली. परत आल्यावर आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बघितलं तर ओळीने नऊ गाड्या, करड्या नाहीतर पांढऱ्या, सगळ्या उंच. बिल्ले झाकले असते तर कुठली कुणाची ते सांगता आलं नसतं. त्यातली एक माझीच होती.

तर जाणकारांनो, ते शेपटीचे पंख नेमके कशासाठी होते? आताच्या गाड्या एका साच्यातून काढल्यासारख्या का दिसतात? आणि तिसरा प्रश्न बायको झोपल्यावर टाइप करतोय. इथे जवळच १९६६ ची फोर्ड मस्टँग विकायला आहे. सहा सिलिंडर, लाल. मन गुंतलंय. माझ्यासारख्या अडाण्याने या भानगडीत पडावं का?

चहाटळ (रविवार, रात्री ११:१५)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पत्र्याचा माणूस येईपर्यंत धागा वर ठेवतो. तिसऱ्या प्रश्नाबद्दल एवढंच, की वहिनी इथे वाचनमात्र असतील तर तो परिच्छेद संपादित करा.

पत्र्याचा माणूस (सोमवार, पहाटे ५:२०)

चहाटळराव, आलो. शनिवारी सकाळी सहापासून तिथेच होतो, मान अजून भाजलेली आहे.

नवखेसाहेब, आधी मी कुठल्या कोपऱ्यातून बोलतोय ते सांगतो. मी डिझायनर नाही, डायमेकर आहे, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे बनवणारा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हात काळे केले, मग भोसरी, आणि १९९६ पासून डेट्रॉइटच्या आसपास प्रेस टूलचं काम. डिझायनर कागदावर रेघ मारतो, मातीचं मॉडेल करणारे ती त्यावर चढवतात, आणि तोच आकार पत्र्यातून ओढताना कोपऱ्यात चीर गेली की शिव्या आम्हाला. त्यामुळे गाडी दिसली की मला आधी पत्रा दिसतो. लांब बॉनेटचं वेड मात्र त्याच्याही आधीचं. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते ती वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलेली. ती जर्मन, तो भाग वेगळा.

तुमच्या सहकाऱ्याचं मला निम्मंच पटतं. जत्रेत दिसतात त्या वाचलेल्या गाड्या. ज्या कुरूप होत्या त्यांना कुणी पांघरूण घालून पन्नास वर्षं सांभाळलं नाही, त्या कधीच भंगारात गेल्या. एखादी १९५८ ची ब्यूक सापडली तर समोर उभे राहा. नुसत्या पुढच्या जाळीत क्रोमचे १६० चौकोनी ठोकळे आहेत. एका मालकाला मी विचारलं, धुता कशी? म्हणाला, टूथब्रशने, आणि अख्खा रविवार जातो.

आता पंख. जनरल मोटर्समध्ये (जीएम) १९२७ साली हार्ले अर्ल यांच्या हाताखाली 'आर्ट अँड कलर' नावाचा विभाग सुरू झाला. त्याआधी गाडीचा आकार बहुतेक इंजिनिअरच ठरवायचे. रेडिएटर, त्यामागे बॉनेट, त्यामागे बसायची खोली, अशी जोडाजोड. अर्लनी पूर्ण मापाचं मातीचं मॉडेल करायची पद्धत रुळवली. ही माती म्हणजे आपली शाडू नव्हे. तपकिरी, मेणासारखी, भट्टीत गरम करून मऊ करायची, थापायची आणि थंड झाली की पात्याने तासायची. एवढे कॉम्प्युटर आले तरी ती अजून स्टुडिओतून हललेली नाही. महायुद्धाच्या काळात अर्लच्या लोकांना लॉकहीडचं दोन शेपट्यांचं पी-३८ विमान बघायला मिळालं, आणि १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डवर त्याचा लहानसा उंचवटा आला. मागचा दिवा त्यात बसवलेला. तेवढा गोड होता, तिथेच थांबायला हवं होतं.

पण १९५६ च्या ऑगस्टमध्ये चक जॉर्डन नावाचा जीएमचा तरुण डिझायनर गाडी घेऊन प्रतिस्पर्धी क्रायसलरच्या आवाराकडे गेला, आणि कुंपणाच्या जाळीतून त्याला पुढच्या वर्षीच्या प्लिमथ उभ्या दिसल्या. व्हर्जिल एक्सनर यांचं काम. बुटक्या अंगाच्या, पातळ छताच्या, मागे उंच पंख. हा तसाच स्टुडिओत परतला आणि बाकीच्यांनाही नेऊन दाखवलं. अर्ल तेव्हा युरोपात. इकडे पोरांनी १९५९ साठी ठरलेली जाडजूड मॉडेलं बाजूला सारली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यातूनच निघाली १९५९ ची कॅडिलॅक, सगळ्यात उंच पंखांची, प्रत्येक पंखावर बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, पंख कशासाठी? शेजाऱ्यासाठी. ती गाडी म्हणजे वरातीतला घोडा. बघायला गर्दी होते, रोज दारात कोण बांधणार?

पंख उतरल्यावर जे उरलं ते मला खरं आवडतं. १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल घ्या. एल्वुड एंगल यांनी तो आकार मुळात फोर्डच्या थंडरबर्डसाठी काढला होता. आदल्या वर्षीच्या लिंकनपेक्षा जवळपास १५ इंचांनी आखूड, आणि अंगावर दागिना म्हणाल तर खांद्याच्या कडेने पुढून मागे गेलेली क्रोमची एक पट्टी. बाकी साधा पत्रा. आता हे 'साधा' किती अवघड असतं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. घड्या-मुरडी असलेला आकार लपवाछपवी करतो, किंचित फुगीर सपाट दरवाजा काही म्हणता काही लपवत नाही. प्रेसमधून नवा दरवाजा आला की आम्ही त्यावर तेलाचा हात फिरवतो आणि ट्यूबलाइटच्या रांगेखाली तिरका धरतो. ट्यूबचं प्रतिबिंब पत्र्यावरून वाहत गेलं पाहिजे, मध्ये अडखळता कामा नये. शंका आली तर ऑइलस्टोन घासायचा. जिथे दगडाचे ओरखडे उठत नाहीत तिथे खळगा. केसाएवढा असतो, हाताला लागतो, डोळ्याला दिसत नाही, आणि गाडीला काळा रंग दिला की संध्याकाळच्या उन्हात गल्लीभर दिसतो. मला जुन्या चांगल्या गाडीचं डिझाइन म्हणजे ही वाहणारी रेघ वाटते. म्हणून सांगतो, गाडी समोरून बघू नका, बाजूने बघा, आणि बघताना चालत राहा.

माझी स्वतःची १९६५ ची शेव्हरले कॉर्व्हेअर आहे, मॉन्झा, दोन दारांची. हसणाऱ्यांनी हसून घ्यावं. तिची बदनामी झाली ती पहिल्या पिढीच्या मागच्या सस्पेन्शनमुळे, ६५ साली ते बदललं, पण नाव गेलं ते गेलं. १९६९ मध्ये बंद पडली तेव्हा वर्षाला जेमतेम सहा हजार निघत होत्या. बिल मिचेल डिझाइनचे प्रमुख असतानाची ही गाडी. इंजिन मागे, आडवं, सहा सिलिंडरचं, हवेने गार होणारं. पुढे रेडिएटर नाही म्हणून जाळीही नाही. तोंड म्हणजे चार गोल दिवे आणि मधे पत्रा. दार आणि मागची काच यांच्यात खांब नाही. चारी काचा उतरवल्या की छत नुसतं वर तरंगतं. इप्सिलँटीजवळ विलो रनला या गाड्या जुळवल्या जायच्या, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. माहेरवाशीणच म्हणा.

तर शनिवारी थर्टीन माइल रस्त्याच्या सिग्नलला हिचा पंख्याचा पट्टा तुटला. दोष माझा, बदलू बदलू म्हणत दोन उन्हाळे काढले होते. हा पट्टा उभ्या पुलीवरून निघतो, दोन छोट्या पुल्यांवर मुरडतो आणि वर आडव्या पंख्यावर जातो. ज्याला हे सुचलं त्याला लांबून साष्टांग. कॉर्व्हेअरवाले सगळेच एक जादा पट्टा आणि पाना घेऊन हिंडतात. बाजूला घेतली, शर्टाच्या बाह्या सारल्या, बारा मिनिटांत चालू. तेवढ्यात भोवती सात-आठ माणसं जमली, त्यात आजोबांचा हात धरून आलेला एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा. तो पुढून फेरी मारून आला आणि मला विचारतो, ही इलेक्ट्रिक आहे का? जाळी नाही ना!

त्या पोराने माझा अर्धा प्रतिसाद लिहून दिला. आज इलेक्ट्रिक गाडीला जाळी लागत नाही, तरी कित्येक कंपन्या तिथे काळं प्लास्टिक चिकटवून जाळीचं सोंग काढतात. नियमांना शिव्या देणं सोपं आहे, पण नियम तेव्हाही होतेच. १९४० पासून १९८३ पर्यंत इथे गाडीला ठरावीक मापाचे सीलबंद दिवेच लागत. आधी सात इंची गोल, मग १९५७-५८ पासून लहान चार, १९७५ पासून चौकोनी. ज्याला आपण मोकळा काळ म्हणतो त्या काळात गाडीचे डोळे नेमून दिलेले होते. १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनपासून ते मोकळे झाले. आणि मोकळे झाल्यावर सगळ्यांनी काय केलं? वटारले! आज पिकअप मागे लागला की आरशात भुवया आवळलेला राक्षस दिसतो. एवढा राग कशाचा?

साच्यासारखं दिसण्याची बाकी कारणं मात्र खरी आहेत. २००९ मध्ये छताचा नियम कडक झाला; पूर्वी गाडीच्या दीडपट वजन छताने पेलायचं, आता तिप्पट. मग काचेच्या बाजूचे खांब मनगटाएवढे होते ते पोटरीएवढे झाले. युरोपात पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर खाली दबायला जागा ठेवावी लागते, आणि तीच गाडी जगभर विकायची, म्हणून नाक उंच. मायलेजसाठी वारा कापायचा, आणि वारा सगळ्यांना एकच आकार शिकवतो. त्यात २००५ च्या क्रायसलर ३०० ने खांदे उंच आणि काचा फटीएवढ्या करून दाखवल्या. रॅल्फ जिल्स यांचं ते काम मला मनापासून आवडतं, पण तिचं बघून ज्यांनी ज्यांनी नक्कल केली त्यांच्या मागच्या सीटवरच्या पोरांना बाहेरचं काही दिसेनासं झालं.

अंगावरच्या घड्यांचं तर घरचं कारण आहे. जुना बाहेरचा पत्रा ०.९ मिमीच्या आसपास असायचा, आता ०.७ किंवा त्याहून कमी. एवढा पातळ पत्रा सपाट ठेवला तर तेलाच्या डब्यासारखा डबडबतो. घडी टाकली की ताठ होतो. एक घडी आमच्यासाठी. उरलेल्या चार जाहिरात खात्यासाठी.

रेट्रो, म्हणजे जुन्या रूपाची नवी गाडी, हेही मला फारसं रुचत नाही. २००८ ची डॉज चॅलेंजर म्हणजे आजोबांचा कोट घालून काढलेला फोटो, कोट चांगला पण बाह्या मोठ्या. आताच्यात आवडलेल्या सांगायच्या तर फोर्ड फ्लेक्स. सरळ पेटी, पांढरं छत, कसलाही आव नाही; २०१९ मध्ये बंद केली. आणि रिव्हिअन ही इलेक्ट्रिक गाडी, उभट लांबट दिव्यांची. तिचं तोंड बघून निदान चावेल असं वाटत नाही.

मस्टँगबद्दल रात्री लिहितो, शिफ्ट आहे.

मीनल ॲन आर्बर (सोमवार, दुपारी १२:३०)

पत्रेकाका, प्रतिसाद डब्याबरोबर चवीने वाचला. पण तुम्ही एक गोष्ट अलगद ओलांडून गेलात. ते पोटरीएवढे खांब कुणाच्या तरी मानेसाठी आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, अपघातातून उठलेली माणसं माझ्याकडे येतात, त्यामुळे ते तरंगणारं छत मला तरंगताना दिसत नाही, खाली येताना दिसतं. २००९ मध्ये इथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची मालिबू समोरासमोर आदळवली होती, दोन्ही ताशी ४० मैलांनी. जुनी गाडी थोराड, सगळ्यांना वाटलं हीच जिंकणार. तिच्या चालकाची जागा चेपून गेली, खरा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्या बाहुल्याच्या पायाला इजा, बस.

दुसरं, तुम्ही पुरुष मंडळी गाडीचं डिझाइन म्हणजे बाहेरचं अंग समजता. गाडीत बसून आपण जन्म काढतो. फोर्डमध्ये मिमी व्हँडरमोलेन यांनी १९८६ च्या टॉरसची आतली बाजू केली, बटणं अशी की रस्त्यावरची नजर न काढता नुसत्या बोटांना कळावीत. माझ्या आत्ताच्या गाडीत (कंपनीचं नाव घेत नाही) काच पुसायचा वेग बदलायला स्क्रीनवर तीन ठिकाणी टोचावं लागतं. मुसळधार पावसात. हातमोजे घालून तर विचारूच नका. हे डिझाइन नाही का? यावर कुणी जत्रा भरवत नाही.

पत्र्याचा माणूस (सोमवार, सायंकाळी ७:०५)

मीनलताई, कान पकडले. कॉर्व्हेअरमध्ये कमरेचाच पट्टा आहे. हायवेला मी तिला नेत नाही आणि नातीला तिच्यात बसवत नाही, ती फक्त दारात उभी असताना स्टिअरिंग फिरवते. बाहेरून छान दिसणं आणि त्यात रोज पोरं नेणं, या दोन वेगळ्या गाड्या आहेत, कबूल. रोजची माझीही तुमच्या सगळ्यांसारखीच, करडी आणि उंच.

टॉरसचं नाव काढलंत ते बेस्ट. बाहेरून जॅक टेलनॅक आणि मंडळींनी तिला साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत केली, लोक सुरुवातीला हसले, मग सगळ्या अमेरिकेच्या सेडान तशाच झाल्या. गंमत बघा, त्याच १९८६ साली ब्यूकने रिव्हिएरात चक्क टच स्क्रीन दिला होता. हिरवट अक्षरांचा काचेच्या नळीचा पडदा. एसी, रेडिओ सगळं त्याच्यावर टोचायचं. गिऱ्हाईक वैतागलं आणि थोड्याच वर्षांत तो गेला. म्हणजे बोटांना कळणारी बटणं आणि टोचायचा पडदा एकाच वर्षी बाजारात होते, निकालही लागला होता, आणि तरी फिरून तोच पडदा आपल्या नशिबी आला. स्वस्त पडतो हो. एका बटणाला साचा लागतो, वायर लागते, ते बसवायला माणूस लागतो. पडद्यावरच्या बटणाला यातलं काही लागत नाही. धंद्यातला माणूस म्हणून मला त्यामागचा हिशोब कळतो, तुमच्या वायपरचं समर्थन मात्र नाही करता येत.

भोसरीकर (सोमवार, रात्री ९:५०)

अवांतर: आमच्याकडे रांजणगावला जीप बनते. सात फटींची जाळी म्हणजे जणू देवाचं नाव, इतकं जपतात. आमच्या लहानपणी गावात जी जीप होती ती महिंद्राची, तीच खरी जीप असं आम्हाला वाटायचं. यातली अस्सल कुठली? आणि काका, टेस्लाच्या सायबरट्रकवर गप्प का?

पत्र्याचा माणूस (मंगळवार, पहाटे ५:३५)

भोसरीकर, अवांतर कसलं, हा तर माझा आवडता विषय. युद्धातल्या सुरुवातीच्या, विलिस कंपनीच्या जीपला लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. एक एक पट्टी कापा, जोडा, घासा. लष्कराला गाड्या कमी पडल्या म्हणून फोर्डलाही कंत्राट मिळालं, आणि फोर्डच्या लोकांनी पत्र्याचा एकच तुकडा प्रेसमध्ये घालून नऊ उभ्या फटी पाडल्या. हलकी, स्वस्त, एका ठोक्यात तयार. विलिसनेही मग तीच उचलली, आणि युद्धानंतरच्या नागरी जीपला सात फटी आल्या. आज जिच्यावरून कोर्टकचेऱ्या होतात ती जाळी कुणा कलाकाराची नाही, प्रेस शॉपची आहे! हे मी नातीला सुद्धा सांगून ठेवलंय.

कोर्टकचेऱ्या खऱ्याच. महिंद्राने मुंबईत विलिसच्या परवान्यावर जीप जुळवायला सुरुवात केली ती चाळिशीच्या अखेरीस. २०१८ मध्ये त्यांनी तोच वंश 'रॉक्सर' म्हणून इथे ऑबर्न हिल्सला, म्हणजे जीपवाल्यांच्या दारातच, बांधायला घेतला. जीपवाल्यांनी तक्रार केली, आणि २०२० मध्ये इथल्या व्यापार आयोगाने निकाल दिला की ही जीपसारखी दिसते. दिसणारच, मावसभाऊ आहेत. महिंद्राला पुढचं तोंड आणि अंग बदलावं लागलं. अस्सल कुठली म्हणाल तर तुमच्या गावातली, तिच्यावर निदान बारा माणसं बसायची.

आणि मुंबईत जीपच नव्हे, मोठ्या अमेरिकन गाड्याही जुळत होत्या. जीएम १९२८ पासून शिवडीला, आणि चाळिशीत वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कुर्ल्याला, क्रायसलरच्या परवान्यावर. एकच गाडी बिल्ला बदलून कधी डॉज, कधी डी सोटो, कधी प्लिमथ. म्हणजे नवखेसाहेब, बिल्ला झाकला तर ओळखू येत नाही ही तक्रार आजची नाही.

सायबरट्रक. शिव्या देणार नाही, निराशा होईल तुमची. दिसतो तो रुखवतातल्या स्टीलच्या कपाटासारखा, त्यात वाद नाही. शेजाऱ्याने घेतलाय, दर दोन दिवसांनी बोटांचे ठसे पुसत असतो. पण तो जाड कडक स्टेनलेस नेहमीच्या प्रेसमध्ये गोलाईत ओढता येत नाही, म्हणून सरळ कापायचा आणि सरळ वाकवायचा. आकार पत्र्यातून आलाय. खोटी जाळी नाही, खोटी हवेची भोकं नाहीत. कुरूप आहे, पण खोटारडा नाही. बंपरवर प्लास्टिकची बंद भोकं असलेल्या गाड्यांपेक्षा मी त्याला एक मार्क जास्त देईन. एकच.

ट्रॉयचा नवखा (मंगळवार, रात्री ८:२०)

पत्रेकाका, मीनलताई, भोसरीकर, सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज ऑफिसातून येताना पार्किंगमध्ये गाड्यांच्या बाजूने चालत चालत बघत होतो तर सिक्युरिटीवाल्याने हटकलं.

बायकोने धागा वाचला. (चहाटळ, तुमचा सल्ला उशिरा दिसला.) ती म्हणाली बघायला जाऊ, घ्यायला नाही. शनिवारी ठरलंय. मस्टँगबद्दल तेवढं सांगा. फोटोत तर आरशासारखी दिसते.

पत्र्याचा माणूस (मंगळवार, रात्री १०:१०)

फोटोत आरसा म्हणूनच काळजी. आधी स्वप्न थोडं खाली उतरवतो. मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली, किंमत २,३६८ डॉलर, आणि अंगाखालून ती फाल्कन होती, साधी घरगुती गाडी. लांब बॉनेट, आखूड शेपटी, एवढ्या प्रमाणावर लोक वेडे झाले. सहा सिलिंडरचीला इथले पैलवान नाक मुरडतात, तिकडे लक्ष देऊ नका. पहिल्या गाडीला तेच इंजिन बरं, सुटे भाग दळणासारखे मिळतात आणि हात घालायला जागा आहे.

फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या, मऊ फडक्यात गुंडाळा आणि दाराखालची पट्टी, मागच्या चाकांच्या वरची कमान, दारांचे खालचे कोपरे, इथे लावून बघा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुटी) भरलेली आहे. मी माझी पहिली गाडी अशीच चकाकी बघून घेतली होती, विकणारा गोड बोलणारा, नाव घेत नाही. घरी आणून मागची कमान खरवडली तर बोटभर लांबीखाली वर्तमानपत्राचा बोळा निघाला. तारीख वाचता येत होती.

मग पुढच्या काचेखाली हवा आत घ्यायची जी फटींची जागा आहे तिथे तांब्याभर पाणी ओता, मालकाला विचारून, आणि वहिनींना आत पाय वर करून बसवा. पायाशी थेंब पडले तर आतला पत्रा कुजलाय. तो बदलायचा म्हणजे पुढचं निम्मं अंग सोडवावं लागतं, त्या गाडीला तिथूनच नमस्कार. गालिचा उचलून खालचा पत्रा बघा, टॉर्च न्या. मिशिगनमध्ये जन्म काढलेली असेल तर रस्त्यावरच्या मिठाने तळ खाल्लेला असणार. ॲरिझोनाकडून आलेली असेल तर रंग उडालेला असेल पण हाडं शाबूत. मला विचाराल तर उडालेला रंग परवडला.

शनिवारी पाऊस सांगितलाय. तसं असेल तर रविवारवर ढकला, ओल्या गाडीवर मला सुद्धा काही कळत नाही. सकाळी आठला या म्हणावं, ऊन तिरपं असतं. हवं तर मी येतो, चुंबक माझंच आणतो. पट्टेही दोन आहेत गाडीत, पण ते कॉर्व्हेअरचे, तुमच्या कामाचे नाहीत.